दुपट्ट्याखालची दुर्बीण

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आजवर मी लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे वसतिगृहात जागा मिळण्याबाबतचा अर्ज, आणि तो नामंजूर झाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असं घरचे धरून चालतात. मोबाइलची सेटिंग, औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर, बँकेतून आलेला मेसेज, सगळं माझ्याकडे येतं. आता कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या मॅडमनाही तसंच वाटायला लागलंय. त्या म्हणाल्या, "घरात घडलेलं काही गमतीचं लिही." मी म्हटलं, "मॅडम, आमच्या घरात गमतीचं काही घडत नाही." मग मला दुर्बीण आठवली.

घडलं ते एवढंच. माझ्या मोठेबाबांनी प्रताप नगरातल्या एका फ्लॅटमध्ये एक जुनी दुर्बीण चालवून पाहिली, ती लंगडते असा निकाल दिला, आणि तरीही घेतली. केवढ्याला घेतली, हे मला, म्हणजे ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याला, पुढचे पाच महिने माहीत नव्हतं.

सुरुवात माझ्या उजव्या हातापासून झाली. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शहरातल्या नंदनवन भागात खोली करून राहतो. कॉलेजात आमचं एक आकाशदर्शन मंडळ आहे. त्याच्या बैठकीत सरांनी विचारलं, "मंडळाची दुर्बीण नादुरुस्त आहे. पुढच्या महिन्याच्या शिबिराला दुर्बीण कोण आणणार?" सगळे शांत बसले. अशी शांतता मला सहन होत नाही. माझा हात वर गेला. (तो असा मला न विचारता वर जातो. शाळेत असताना याच हातामुळे मी गॅदरिंगमध्ये लावणी केली आहे.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी वहीत माझं नाव लिहिलं. त्या क्षणी माझ्याजवळ दुर्बीण सोडा, चांगली बॅटरीसुद्धा नव्हती!

जवळ होते ते साडेसहा हजार रुपये. घरमालकांच्या दोन मुलांना वर्षभर गणित शिकवून साठवलेले. नवीन दुर्बीण एवढ्यात येत नाही. मग जुन्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर जाहिरात सापडली: 'दुर्बीण, स्टँडसह, उत्तम स्थितीत. नऊ हजार. बोलता येईल.'

त्या शेवटच्या दोन शब्दांनीच मला घाम फुटला. तरी मी लिहिलं, 'नमस्कार सर. दुर्बीण आहे का?'

'आहे.'

'भाव नऊ हजार आहे का सर?'

'हो. तुमचं काय म्हणणं?'

मी तासभर विचार केला. फोटोवरून समोरचा माणूस वयस्कर दिसत होता. त्यांनी काही विचार करूनच नऊ ठरवले असतील. तुमचा विचार चुकला, असं एका अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला मी कोण सांगणार? शेवटी मी लिहिलं, 'योग्यच आहे सर.'

'मग घेताय का?'

'माझ्याकडे तेवढे नाहीत सर. धन्यवाद.'

दुसऱ्या दिवशी त्यांचाच मेसेज आला, 'अहो, मग काहीतरी बोला ना!'

मी लिहिलं, 'तुम्हीही काळजी घ्या सर.'

माझी घासाघीस इथे संपली.

हे मी फोनवर आईला सांगितलं, आईनं बाबांना, आणि बाबांनी मोठेबाबांना. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. उमरेडकडे आमची धानाची शेती आहे, ती तेच बघतात. पण त्यांचं नाव आहे ते बैलांच्या सौद्यात. आसपासच्या गावांत कुणाला बैलजोडी घ्यायची असली तर लोक त्यांना सोबत नेतात, लग्नाला भटजी नेतात तसं. बाजारात ते आजवर एकदाही हरलेले नाहीत. हे मला मोठेबाबांनीच सांगितलं आहे, आणि अनेकदा.

त्यांचा फोन आला. "किती हायेत गा तुयापाशी?"

"साडेसहा हजार."

"अन् तो किती मांगून राहिला?"

"ते म्हणतात, न..."

"चूप! सांगू नको! आदीच भाव आयकला का हात बिघडते. भाव हाताले कळला पाह्यजे, कानाले नाही. शुक्रवारी मले धंतोलीत डाक्टरले गुडघा दाखवाले याचंच हाय. तिकडून जाऊ."

अशा रीतीनं, विकणारा किती मागतो हे माहीत नसलेला माणूस माझ्या वतीनं भाव करायला निघाला. मला यात काही खटकलं नाही. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे.

शुक्रवारी धंतोलीहून प्रताप नगरला जाताना ऑटोत त्यांनी मला तयार केलं. खांद्यावरचा पांढरा दुपट्टा सारखा करत म्हणाले, "आयक. वस्तूकडे पाहाचं नाही. जे आवडलं, त्याच्याकडे पाठ करून उभं राहाचं. हसाचं नाही. अन् बोलाचं तर बिलकुलच नाही."

"पण मोठेबाबा, ती दुर्बीण आहे, बैल नाही."

"इकणारा तर मानूसच हाय ना?"

मी तेव्हापासूनच हसणं बंद केलं.

फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर होता. लिफ्ट नव्हती. (ही गोष्ट लक्षात ठेवा. मला ठेवावी लागली.) दार आष्टीकर साहेबांनी उघडलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, अतिशय मऊ बोलणारा माणूस. समोर मोठी इमारत उभी राहिल्यामुळे त्यांच्या गॅलरीतून आकाश दिसेनासं झालं होतं, आणि काकूंना त्या कोपऱ्यात शिलाई मशीन ठेवायची होती. आम्ही दवाखान्यातून सरळ इकडेच आलो, एवढंच मोठेबाबांनी सांगितलं. दुर्बीण हॉलच्या मध्यभागी उभी होती. काळी, उंच, पितळी कडी असलेली. ती बघताक्षणी माझा जीव तिच्यात गेला, आणि मी ताबडतोब तिच्याकडे पाठ केली. माझ्यापुढे काचेचं शोकेस आलं. मी त्यातल्या कपबशांकडे बघत उभा राहिलो.

काकू म्हणाल्या, "अरे, बस ना! असा तिकडे तोंड करून काय उभा?"

"राहू द्या, बाई," मोठेबाबा म्हणाले. "त्याले तशीच सवय हाय."

मग त्यांनी दुर्बिणीभोवती तीन फेऱ्या मारल्या. नळीवर तळहातानं दोन थापा दिल्या आणि कान लावून ऐकलं. म्हणाले, "पाय दाखवा."

"पाय?" आष्टीकर साहेब म्हणाले.

"उचलून दाखवा ना."

साहेबांनी स्टँडचा एकेक पाय उचलून दाखवला.

"आता चालवून दाखवा."

"चालवून? म्हणजे कसं?"

"चार पावलं. फिरिजपर्यंत."

साहेब फारच सभ्य होते. त्यांनी दुर्बिणीला कवेत घेतलं आणि सोफ्यापासून फ्रिजपर्यंत एकेक पाय पुढे टाकत नेलं. परतही आणलं. मोठेबाबा दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, डोळे बारीक करून बघत होते. "मागच्या डाव्या पायात लंगडते," त्यांनी निकाल दिला.

तीन पायांच्या स्टँडला मागचा डावा कोणता, हे फक्त त्यांनाच कळलं. पण एका पायाचा स्क्रू खरंच ढिला होता! साहेबांनी त्या पायाखाली लग्नपत्रिकेची घडी करून ठेवली होती, ती फ्रिजजवळ पडली. साहेब लाजले. "हो, ते... थोडं आहे तसं," ते म्हणाले. भाव खाली घसरताना मला ऐकू येत होता. मी शोकेसकडे तोंड करून म्हणालो, "मोठेबाबा, तो नुसता स्क्रू आहे. दहा रुपयांत होईल."

मोठेबाबा एकदा मोठ्यानं खाकरले.

मोठेबाबांनी दुर्बीण गॅलरीकडे वळवली आणि डोळा लावला. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसली असावी. ते हळूच मागे सरकले. "टाकी उलटी हाय."

"त्याचं असं आहे..." साहेब सांगू लागले.

"उलटं दाखवते. डोळ्यात दोष हाय, साहेब. तुमाले माहीत नसन, पन हाय."

आता मात्र मला राहवेना. दोन वर्षं मी भौतिकशास्त्र शिकतोय ते काय कपबशा बघायला? "नाही, मोठेबाबा! आकाश बघायच्या दुर्बिणी उलटंच दाखवतात. आकाशात वर-खाली नसतंच! आणि टाकी इतकी स्पष्ट दिसली, म्हणजे हिची भिंगं फारच चांगली आहेत! अशी आता मिळत नाहीत!"

"वा!" आष्टीकर साहेब उजळले. "पोराला कळतं हो!" काकूंनी माझ्या बशीत आणखी एक लाडू ठेवला.

मोठेबाबा अत्यंत शांतपणे म्हणाले, "रोशन, पानी पिऊन ये."

"प्यालो, मोठेबाबा."

"आनखी पी."

मी पाणी पिऊन आलो तोवर मोठेबाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला होता. इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका कापडाखाली असतात. एक बोट धरलं की एक हजार, पूर्ण पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्यांना फक्त दोन चेहरे दिसतात. भाव त्या दोघांत राहतो, सौदा झाल्यावरही. हाताचा शब्द फिरवायचा नाही आणि तोंडानं सांगायचा नाही, हा नियम. मोठेबाबांच्या पिढीत तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रताप नगरात तो कुणाला समजावून सांगावा, असं त्यांना वाटलं नाही.

"साहेब, हात द्या."

साहेबांनी हात पुढे केला. वरून दुपट्टा पडला.

मी अर्थातच पाठ करून उभा होतो. पण शोकेसच्या काचेत सगळं दिसत होतं. मोठेबाबांचा चेहरा दगडासारखा. साहेबांचा चेहरा आधी चकित, मग हळवा. थोड्या वेळानं त्यांनी आपला दुसरा हातही दुपट्ट्याखाली घातला. मोठेबाबांची एक भुवई वर गेली. ती वर गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मग दुपट्टा असा हलायला लागला, जणू खाली मांजरीची दोन पिल्लं आहेत.

काकू माझ्या कानाशी आल्या. "काय चाललंय रे?"

"भाव चाललाय, काकू."

"मग बोलत का नाहीत?"

"बोलताहेत, काकू."

पंखा सुरू असून मोठेबाबांच्या कपाळावर घाम आला. साहेबांचे डोळे पाणावले होते. मध्येच ते म्हणाले, "होईल हो, सगळं ठीक होईल."

"लय मुरलेला गडी हाय," मोठेबाबा पुटपुटले. त्यांनी एकदा माझ्या पाठीकडे पाहिलं, मग शोकेसकडे पाहिलं, मोठा श्वास सोडला आणि दुपट्टा ओढून घेतला. "झाला सौदा!"

"कसला?" आष्टीकर साहेब म्हणाले.

मोठेबाबा त्यांना हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले. त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब एक पाऊल मागे उडाले, दोन्ही हात हलवून 'नाही नाही' करू लागले, बोलायला तोंड उघडलं. मोठेबाबांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मोठेबाबांनी छातीवर हात ठेवून काहीतरी निर्वाणीचं सांगितलं, आणि साहेबांचं तोंड मिटलं. दोघं आत आले. साहेबांचा चेहरा नुकतीच शपथ घेतल्यासारखा झाला होता.

"रोशन, सहा काढ," मोठेबाबा म्हणाले. "पाचशे राहू दे. ऑटोले होतीन."

सहा! नऊची सहाला! मी वळलो (आता वळायला हरकत नव्हती) आणि विचारलं, "म्हणजे सहाला झाली?"

"भाव इचारत नसते."

काकूंनी साहेबांना विचारलं, "कितीला दिलीत हो?"

साहेब क्षीण आवाजात म्हणाले, "भाव... विचारत नसतात."

निघताना मोठेबाबांनी काकूंकडून हळदकुंकू मागून घेतलं आणि नव्या बैलाला लावतात तसं दुर्बिणीच्या नळीला लावलं. ते अजून आहे. शिबिरात एका मुलीनं ते कंपनीचं चिन्ह समजून वहीत उतरवून घेतलं.

शिबिर छान झालं. माझ्या हातानं दिलेला शब्द मोठेबाबांच्या हातानं पाळला. पण खरी प्रसिद्धी झाली ती भावाची. 'नऊची सहाला आणली,' हे मी कुणी विचारलं तर सांगत होतो, आणि कुणी न विचारल्यास लवकर सांगत होतो. मित्र मला सल्ला विचारू लागले. वर्गातल्या एकाला जुनी गिटार घ्यायची होती, तर मी सोबत गेलो. तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, आणि विकणाऱ्याला म्हणालो, "हात द्या." त्यानं आम्हाला जिन्यापर्यंत सोडलं.

महिन्याभरानं मोठेबाबांचा फोन आला. "एस.टी.त एक पोतं टाकलं हाय. घरचा तांदूय. पंचवीस किलो. साहेबाच्या घरी नेऊन दे."

"कशाला, मोठेबाबा?"

"गोड मानूस हाय."

मी पोतं खांद्यावर घेऊन तीन माळे चढलो. साहेबांनी दार उघडलं, पोतं बघितलं आणि कळवळले. "अरे, कशाला! मी त्यांना म्हणणार होतो की..." मग त्यांनी स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं. आत जाऊन दुर्बिणीचं एक जास्तीचं भिंग आणलं आणि माझ्या हातात कोंबलं. "हे ने. नाही म्हणू नकोस." मला गहिवरून आलं. पुढच्या महिन्यात दुसरं पोतं. साहेबांनी ताऱ्यांचे नकाशे दिले. तिसऱ्या पोत्याला लाल काचेची बॅटरी. चौथ्या महिन्यात मी पोतं ठेवून भिंतीला टेकलो तेव्हा साहेब म्हणाले, "हे शेवटचं ना?" आणि आम्ही दोघांनीही निःश्वास सोडला. त्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'शहर आणि खेडं यांत अजून माणुसकी आहे.' चौदा जणांनी हात जोडले.

दर वेळी काकू मला दारात गाठत. "रोशन, खरं सांग, कितीला गेली रे ती?"

"सहाला, काकू."

"मग सहा म्हटलं की हे उठून आत का जातात?"

मी म्हणायचो, "दुर्बिणीची आठवण येत असेल."

आणि मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्यांना धाप लागली होती. "रोशन! कळलं! दहा!"

"काय दहा, काकू?"

"भाव! दहा हजार! आज चहा पिताना यांनी माझ्या हातावर टॉवेल टाकला आणि बोटं धरून दाखवलं. तोंडानं नाही सांगितलं हो, शब्द पाळला! अरे, तुझ्या मोठेबाबांनी यांचा पंजा धरला. यांना वाटलं, म्हातारा माणूस, आत्ताच दवाखान्यातून आलाय, डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं असेल. म्हणून यांनी धीर द्यायला दुसरा हातही ठेवला. झाले की नाही दहा? मग ते सहा म्हणाले, सात म्हणाले, आठ म्हणाले. हे आपले दोन्ही हातांनी धीर देतायत! गॅलरीत यांना आकडा कळला. हे नऊच मागितले होते म्हणून सांगायला गेले, तर ते तोंड उघडू देईनात! हाताचा शब्द म्हणे. सहा पोरगा देईल, चार पोती तांदळाची मी पाठवतो, पोत्याला हजार."

ती चारही पोती मी चढवली होती. माझ्याच दुर्बिणीची किंमत मी खांद्यावरून तीन माळे वाहून नेली होती, आणि वर त्यावर माणुसकीचा मेसेज लिहिला होता.

"पण काकू, मोठेबाबा दहाला हो का म्हणाले? ते कधी हरत नाहीत."

"तेच त्यांनी गॅलरीत छातीवर हात ठेवून सांगितलं यांना. म्हणाले, पोराचं तोंड काचेत दिसून राहिलं, साहेब. आता मले नाही म्हनता येत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि पुढचं ऐक," काकू म्हणाल्या. "हे म्हणतात, मला ती सहालाच द्यायची होती. मनात तसंच ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी ते पोरगं नुसतं सहा म्हणालं असतं, तर मी स्टँडसकट नंदनवनात आणून दिली असती. ऐकतोयस ना? काय म्हणणं तुझं?"

मी कोपऱ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं. ती मागच्या डाव्या पायावर किंचित झुकून उभी होती.

"योग्यच आहे, काकू," मी म्हणालो.